इनास मेस्त्रींचा आळशी दोर

इनास मेस्त्रींना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. भुईगावातल्या आमच्या वाडीत विहिरीवरचा रहाट त्यांनीच बसवलेला. वर्षातून दोनदा ते तो बघायला येत आणि मी केळीच्या आळ्यांत पाणी वळवत उभा असे, एवढाच संबंध. ते चहात साखर किती घेत, घरी कसे वागत, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. लिहिण्याचीही मला सवय नाही. पुढचं बरंचसं त्यांच्या बायकोने, आल्बिनाबाईंनी, आमच्या ओट्यावर बसून माझ्या आईला सांगितलेलं आहे. काही त्यांच्या मुलीकडून, क्लेमेंटीनकडून, फार वर्षांनी कळलं. थोडं तेवढं मी स्वतः पाहिलं. त्यांच्या घरची बोली आमच्याहून निराळी. ती मला ऐकून समजते, पण लिहिता येत नाही. म्हणून बोलणं माझ्याच भाषेत दिलं आहे.

त्यांचं पूर्ण नाव इग्नेशियस तुस्कानो. पण ते फक्त चर्चच्या वहीत. गावाला ते इनास मेस्त्री. हडकुळे, उंच, एका खांद्यावर किंचित कललेले. भुईगावापासून राजोडीपर्यंत ज्या ज्या वाडीत रहाट फिरत होता, तिथल्या निम्म्याअधिक विहिरींवर त्यांच्या तुळया होत्या. रहाटाचा सगळा भार विहिरीच्या तोंडावर आडव्या टाकलेल्या दोन तुळयांवर येतो. खाली पाणी, वर फिरतं चाक, बाजूला गोल गोल चालणारा रेडा. तुळई सरकली तर चाक, मडक्यांची माळ आणि ती साफ करायला वर चढलेला माणूस, सगळं विहिरीत. म्हणून तुळई बसवणारा सुतार नुसता हुशार असून भागत नसे. रात्री त्याच्या भरवशावर झोप लागली पाहिजे.

मेस्त्रींची एक रीत होती. तुळई काथ्याच्या भिजवलेल्या दोराने करकचून बांधली, पाचर ठोकली, की ते आणखी एक दोर घेत. तो तुळईच्या टोकापासून खालच्या दगडी खुंटापर्यंत तिरका नेऊन बांधत. या दोरावर काहीच भार नसे. तो नुसता असे. त्याला ते ‘आळशी’ म्हणत.

“हा काय करतो, मेस्त्री?” माझ्या वडिलांनी एकदा विचारलं होतं.

“काही नाही, पाटील. जावयासारखा बसून राहतो.”

“मग कशाला बांधता?”

“पहिला दमला की हा उठतो. पण याला काढायचं नाही हं. काढायचाच झाला तर मला हाक मारा. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा.”

गावात ही रीत सगळ्यांनी पाळली. सोडलेला दोरही गुंडाळायची त्यांची एक पद्धत होती. कोपर आणि अंगठा यांच्यात आठाच्या आकड्यासारखे वेढे घ्यायचे, आणि शेवटचं टोक मधे तीन पीळ देऊन डावीकडून आत खोचायचं. गाठ न मारताही ते भेंडोळं सुटत नसे आणि ओढलं की एका झटक्यात मोकळं होई. ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं त्या दोघातिघांनाच ते जमे.

त्यांतला एक युजीन. मेस्त्रींच्याच आळीतला. त्याचा बाप लवकर वारला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मबाप म्हणून मेस्त्रींनीच त्याला हातावर धरलं होतं आणि लेकराच्या वतीने द्यायची उत्तरं दिली होती. तो त्यांना मामा म्हणे. रहाटाच्या कामात त्याचं मन रमलं नाही. मॅट्रिक होऊन तो मुंबईला गेला आणि एका सिनेमाच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या खात्यात लागला. अठ्ठेचाळीस साली तो कॅमेरामनचा मदतनीस होता. गावात येई तेव्हा पॅन्टीला इस्त्री असे.

त्या वर्षी एके दिवशी तो मेस्त्रींच्या अंगणात येऊन बसला.

“मामा, एक काम आहे. मुंबईला चला.”

“मुंबईत विहिरी कुठे आहेत?”

“विहीर नाही. नाच आहे. सोळा मुली गोल फिरणार आणि कॅमेऱ्याने ते बरोबर डोक्यावरून बघायचं. सरळ खाली. आमच्या साहेबांनी तिपाई माळ्यावर चढवून बघितली. तिचे पायच चित्रात येतात. बाजूने घेतलं तर गोल लांबट दिसतो.”

मेस्त्रींनी जमिनीवर बोटाने एक गोल काढला. मग म्हणाले, “म्हणजे विहिरीत वाकून बघायचं. पाणी नाही एवढंच.”

ते गेले. स्टुडिओच्या छपराचे वासे त्यांनी हाताने ठोकून पाहिले आणि मान हलवली. छपराला काही टांगायचं नाही म्हणाले. नाचाच्या जागेबाहेर चार सागाचे खांब उभे केले, वर दोन तुळया आडव्या टाकल्या, त्यांच्यामधे हातभर फट ठेवली. त्या फटीत लाकडी पेटी बसवली आणि पेटीत कॅमेरा, तोंड खाली. पेटीला रहाटासारखा फिरता कणा दिला, म्हणजे ती केसभर इकडे, केसभर तिकडे करता येई. शेजारी एक फळी, तिच्यावर पोटावर पडून कॅमेरामनने बघायचं. कॅमेऱ्याच्या काचेच्या बरोबर मधून ओळंबा सोडून त्यांनी जमिनीवर खडूने फुली मारली. म्हणाले, “हा तुमच्या गोलाचा मध्य. मुलींना सांगा, याच्याभोवती फिरा.”

शेवटी चारी टोकांना आळशी बांधला. मग कॅमेऱ्याइतक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या पेटीत टाकून ते स्वतः त्या फळीवर आडवे झाले आणि दुपारभर तिथेच पडून राहिले. मोठ्या कॅमेरामनने खालून ओरडून विचारलं, “मिस्त्री, झोपलात का?”

“झोप लागतेय का तेच बघतोय, साहेब.”

चित्र घेतलं गेलं. पुढच्या वर्षी वसईत तंबूतल्या सिनेमात ते आलं तेव्हा अर्धं भुईगाव बैलगाड्या जुंपून गेलं. आम्हीही गेलो होतो. पडद्यावर सोळा मुली एकदम फूल उमलावं तशा पसरल्या आणि आमच्या मागे बसलेला पीटर, गावातला ताडीवाला, ओरडला, “अरे, आपण इनासच्या तुळईवर बसलोय!” तंबूभर हशा आणि टाळ्या. मेस्त्री खाली बघत होते. आल्बिनाबाई सांगत, घरी आल्यावर ते अंगणात बराच वेळ एकटेच उभे होते आणि झोपायला आले तेव्हा म्हणाले, “मध्य बरोबर होता.”

त्यानंतर तीन वर्षं तेच चाललं. रहाट सांभाळून महिन्या दोन महिन्यांनी मेस्त्री मुंबईला जात, तुळया बांधत, काम होईपर्यंत राहत, सोडून परत येत. दिव्यांच्या धगीने काथ्या सुकतो, म्हणून रोज सकाळी सगळ्या पाचरी पुन्हा ठोकत. युजीनचाही भाव वाढला. वरून घ्यायचं चित्र म्हटलं की साहेब त्याला बोलावत, आणि तो मामाला.

एक्कावन्न साली डिसेंबरात असाच एक मोठा नाच होता. या वेळी मुली चोवीस. कॅमेरा चार हात आणखी वर घ्यावा लागला. तो वर गेला, चित्र रुंद झालं आणि दोन कोपऱ्यांत मेस्त्रींचे तिरके दोर दिसू लागले.

युजीन म्हणाला, “मामा, हे दोन आळशी काढायला लागतील.”

“नाही निघायचे.”

“भार तर नाही ना त्यांच्यावर? तुम्हीच सांगता.”

“म्हणून तर नाही निघायचे. चित्र थोडं लहान करा. नाहीतर दोन दिवस द्या, मी बाहेरून खांब देतो.”

“दोन दिवस कुठून आणू? तारखा बांधलेल्या आहेत.”

“मग लहान करा.”

युजीन हसला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बरं, मी साहेबांशी बोलतो. तुम्ही परवाच्या सणाला घरी जा. तसंही सोमवारी शूटिंग नाही. मंगळवारी या, मग बघू.”

सोमवारी गावच्या चर्चचा सण होता. मेस्त्री कधी तो चुकवत नसत. मिरवणुकीत मूर्तीची डोली उचलणाऱ्यांत डावीकडून पहिला खांदा त्यांचा. जाताना त्यांनी सगळ्या पाचरी ठोकल्या आणि युजीनला म्हणाले, “हात लावू देऊ नको कोणाला.”

“मी आहे ना, मामा,” युजीन म्हणाला.

सोमवारी दुपारी शूटिंग झालं. मेस्त्रींना घरी धाडलं तेव्हाच ते ठरलेलं होतं.

मंगळवारी सकाळी मेस्त्री फाटकाशी पोचले तेव्हा दरवानाने त्यांना आत सोडलं नाही, मॅनेजरलाच बोलावून आणलं. काय झालं ते त्या फाटकावरच त्यांना कळलं. नाचाच्या मधोमध एका बाजूची तुळई एका टोकाला निसटली. फळीवरचे साहेब खांबाला बिलगून वाचले. कॅमेरा खाली आला. शांता म्हणून एक मुलगी होती, तिच्या पायावर. पाऊल मोडलं होतं, नुसतं मोडलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले होते की ती चालेल, नाचायची नाही.

“तुझी गाठ सुटली, मिस्त्री,” मॅनेजर म्हणाला. “आणि तू गावाला मजा करत होतास.”

“आळशी होता ना तिथे?”

“कोण आळशी?”

मेस्त्री फाटकाच्या आत बघू लागले. “मला एकदा बघू द्या,” एवढंच म्हणाले. मॅनेजरने तेवढं मात्र ऐकलं. आत सगळं तसंच पडलं होतं. मेस्त्रींनी आधी ती जागा पाहिली जिथे मुलगी पडली होती. मग तुळई. तिच्या टोकाची बांधणी त्यांची नव्हती. तुळई हातभर सरकवण्यासाठी कोणीतरी ती सैल करून घाईघाईने पुन्हा आवळली होती, पाचर न मारता. आणि आळशी कुठे गेला म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर दोन्ही दोर भिंतीवरच्या खुंटीला नीट टांगलेले. आठाच्या आकड्यासारखे वेढे. मधे तीन पीळ. टोक डावीकडून आत खोचलेलं.

आल्बिनाबाई म्हणत, ते खुंटीपुढे किती वेळ उभे होते ते त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. त्या स्टुडिओत कलकत्त्यापासून मद्रासपर्यंतची माणसं होती. पण असं भेंडोळं करणारे मुंबईत दोनच हात होते. त्यांतले दोन्ही भुईगावचे, आणि एक त्या दिवशी मूर्तीच्या डोलीखाली होता.

युजीन मागच्या अंगणात सिगारेट ओढत बसला होता. मेस्त्रींना बघून उठला.

“मामा…”

“दोर कोणी सोडले?”

“सुटले असतील.”

“सुटलेला दोर स्वतःला गुंडाळून खुंटीवर जाऊन बसत नाही, युजीन.”

युजीनने सिगारेट टाकली. मग रडायलाच लागला. साहेब ऐकेनात, तारीख पुढे जाईना, दहा मिनिटांचं काम होतं, मला वाटलं होईल. असं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “माझं नाव आलं तर मला इथे कोणी उभं करणार नाही. दुसऱ्या स्टुडिओतही नाही. मला दुसरं काय येतं? तुमचं तसं नाही. तुमचे रहाट आहेत. तुम्हाला इथलं काय?”

मेस्त्रींनी त्या सिगारेटवर पायाने माती लोटली. ते म्हणाले, “इथे काय सांगायचं ते तू सांगितलंच आहेस. ते राहू दे. मी इथे परत येत नाही. पण गावात खरं सांग. आपल्या लोकांत. माझ्या तुळईवर गावातली माणसं चढतात.”

“सांगतो, मामा.”

“कधी?”

“रविवारी. मिसा सुटली की, सगळ्यांसमोर. देवाशपथ.”

“शपथ नको. नुसतं सांग.”

जाताना मेस्त्री त्या मुलीला बघायला हॉस्पिटलात गेले. तिच्या आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. सुतार तो हाच, हे तिला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता तो रविवार. हा मी पाहिला. आमची वाडी चर्चच्या समोरच, मधे फक्त गल्ली. मी केळीचे घड गाडीत भरत होतो. मिसा, म्हणजे चर्चमधली सकाळची प्रार्थना, सुटली, बायका पुढे गेल्या, आणि नेहमीप्रमाणे पुरुषमंडळी चर्चपुढच्या क्रुसापाशी बोलत उभी राहिली. बातमी त्यांच्या कानावर आधीच आली होती. वसई स्टेशनवर उतरणारा प्रत्येक जण ती घेऊन येत होता. मेस्त्री एका बाजूला उभे होते. ते कशाची तरी वाट बघत आहेत एवढं मला लांबूनही कळत होतं. कशाची, ते तेव्हा कळलं नाही.

गॅब्रिएल परेरांनी, आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या वाडीच्या मालकांनी, विचारलंच. “काय रे युजीन, तू तर तिथे होतास. झालं काय नेमकं?”

युजीनने एकवार मेस्त्रींकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“आता काय सांगू,” तो म्हणाला. “मामांचं वय झालं. मुद्दाम थोडंच कोणी करतं? तुम्हीपण त्यांना काही बोलू नका.”

आणि त्याने मेस्त्रींच्या पाठीवर हात ठेवला.

 कोणीतरी “चालायचंच” म्हणालं.  मला वाटलं, आता मेस्त्री बोलतील. त्यांचं तोंड उघडलंही. पण ते तसेच वळले आणि गल्लीने घराकडे चालू लागले. माझ्यासमोरून गेले. मी घड हातात घेऊन उभा होतो, मान हलवली, त्यांनी पाहिलं नाही.

घरी आल्बिनाबाईंनी हातातली ताटली आपटली म्हणे. “तोंड शिवलं होतं का तुमचं? उठा, चला परत. मी सांगते सगळ्यांना. त्या मेल्याला लहानपणी मी आंघोळ घातलीय!”

“बस खाली.”

“का पण?”

“त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं,” मेस्त्री म्हणाले. “फादर विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. तो खोटेपणा सोडेल, असं मी बोललोय. त्याच्या वतीने. आता त्याच क्रुसापाशी उभं राहून तो खोटारडा आहे असं कोणत्या तोंडाने सांगू?”

आल्बिनाबाईंना हे कधी पटलं नाही. माझ्या आईलाही पटलं नाही. मला काय वाटतं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आल्बिनाबाईंनी मग स्वतःच चार घरी खरं सांगून पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं. बायकोने नवऱ्याची बाजू घ्यायचीच, असं म्हणून सोडून दिलं. मेस्त्रींना विचारायला कोणी गेलं तर ते एवढंच म्हणत, “तुळई पडली. मुलीचा पाय गेला. खरं आहे.”

कोणी त्यांना वाईट बोललं नाही. हेच त्यांना सोसलं नसावं. सगळे फार जपून वागू लागले. पावसाळ्याआधी रहाट तपासायची वेळ आली तेव्हा परेरांनी निरोप धाडला, मेस्त्री, यंदा तुम्ही आराम करा. दुसऱ्याने धाडला, दमला असाल. आमच्याही घरी बोलणं झालं. आमची एक तुळई किडली होती, बदलायला हवी होती. वडील म्हणाले, “इनास माणूस सोन्यासारखा. पण विहिरीवर आपली पोरं चढतात.” माझे थोरले भाऊ आचोळ्याहून एक सुतार घेऊन आले. क्रुसापाशी मेस्त्रींचा चेहरा कसा झाला होता हे मी पाहिलं होतं. आल्बिनाबाई माझ्या आईपाशी काय बोलल्या तेही तोवर माझ्या कानावर आलं होतं. मी पंचवीस वर्षांचा होतो, घरात मला आवाज होता. मी काही बोललो नाही. आचोळ्याच्या सुताराला दुपारी जेवण मीच नेऊन दिलं.

त्याने काम बरं केलं. आळशी मात्र बांधला नाही. म्हणाला, याची काय गरज?

दोन वर्षांत मेस्त्रींकडे एकही रहाट उरला नाही. ते मग लोकांची दारं, पाळणे, शवपेट्या करू लागले. शवपेटीवर कोणी चढत नाही, असं ते एकदा पीटरला म्हणाले. पीटर हसला, आणि मग हसलो याचं त्याला वाईट वाटलं.

युजीन पुढे कॅमेरामन झाला. मुंबईतच घर केलं. नाताळला त्याच्याकडून केकचा डबा येई. आल्बिनाबाई तो न उघडता परत पाठवत. पुढच्या नाताळला पुन्हा येई. मेस्त्री मधे पडत नसत. क्लेमेंटीनच्या लग्नाला तो आला होता. मांडवात मेस्त्रींच्या पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. धर्मबापाने ठेवायचा असतो म्हणून. पण बोलले नाहीत.

मेस्त्री अठ्ठावन्न साली गेले, ऑक्टोबरात, दोन दिवसांच्या तापाने. त्याआधी पंधरा दिवस ते आमच्या गल्लीने चालले होते. आम्ही तोवर रहाट काढून टाकला होता. विहिरीच्या काठावर ऑइल इंजिन बसवलं होतं आणि ते धडधडत होतं. मेस्त्री कुंपणापाशी थांबले. इतक्या वर्षांत आमच्या वाडीकडे बघून ते पहिल्यांदाच थांबत होते. मी पुढे गेलो.

“पाणी किती हातांवर आहे यंदा?” त्यांनी विचारलं.

“नऊ.”

ते इंजिनाकडे बघत राहिले. “काठाला फार जवळ ठेवलंय, शरदभाऊ. हादऱ्याने दगड सुटतील. दोन हात मागे घ्या.”

“बघतो, मेस्त्री.”

“बघा,” ते म्हणाले, आणि पुढे गेले.